मास्तरांचं दार

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आजवर तीन वेळा विकली गेली आहे. एकदा तर मी तिच्यापुढे उभी राहून भाजी चिरत होते आणि आमचे हे माझ्या खांद्यावरून गिऱ्हाइकाला काचा दाखवत होते. "जरा सरक गं," एवढंच मला म्हणाले. संध्याकाळपर्यंत खिडकीच्या जागी पत्रा आला आणि मी भरदिवसा दिवा लावून स्वयंपाक करायला लागले.

आमचा धंदा जुन्या घरांच्या सामानाचा. कुठे घर पाडायला काढलं की तिथली दारं, खिडक्या, फरश्या, जिन्याचे कठडे सोडवून आणायचे, साफ करायचे आणि घर दुरुस्त करणाऱ्यांना विकायचे. पुढे मोठं आवार, तिथे माल. मागे चार खोल्यांचं आमचं घर. लग्न होऊन आले तेव्हा हे म्हणाले होते, "बघच तू, शंभर घरांतलं निवडक काढून आपलं घर सजवतो." मला वाटलं, काय नशीब काढलंय मी.

यांनी शब्द पाळला, नाही असं नाही. उत्तमातला उत्तम माल घरात यायचाच. पण भिंतीला टेकवून ठेवलेल्या दाराकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि तेच भिंतीत बसवलं की माणसं थबकतात, हे यांच्या फार लवकर ध्यानात आलं. मग चहाच्या निमित्ताने गिऱ्हाईक आत यायचं, त्याची नजर दारावर जायची आणि हे मान हलवायचे. "ते नाही हं. ते घरचं आहे. विकाऊ नाही." एवढं म्हणून गप्प बसायचे. यांचं सगळं कसब त्या गप्प बसण्यात होतं. आवारातल्या वीस दारांना नाक मुरडणारा माणूस त्या एका दारासाठी हट्टाला पेटायचा. दुसऱ्या चहाला हे उसासा टाकायचे, "हिला विचारावं लागेल" म्हणायचे, मला काही विचारायचे नाहीत आणि दार जायचं. रात्री जेवताना मला सांगायचे, "तोंड पाडू नकोस, याहून चांगलं येतंय."

तीस वर्षं हे चाललंय. लोकांच्या घरी पाहुणे आले की घर भरतं, आमचं रिकामं होतं.

मी सोसलं, कारण मला पर्याय नव्हता. लेकीने सोसलं नाही. ती सोळा वर्षांची असताना एकदा तापाने फणफणून दुपारची झोपली होती. डोळे उघडले तर तिच्या खोलीच्या दारात दोन परके पुरुष टेप लावून उभे. एक आकडे सांगतोय, दुसरा तळहातावर लिहून घेतोय. यांनी बाहेरून आवाज दिला, "तू झोप गं, ते दाराचं बघताहेत." ती उठून बसली आणि त्यांचं मोजून होईपर्यंत पांघरूण गळ्याशी धरून बसूनच राहिली. दार गेलं. पुढची दोन वर्षं तिने उघड्या खोलीत काढली. कपडे बदलायला न्हाणीघरात जायची. न्हाणीघराचं दार पत्र्याचं होतं म्हणून टिकलं होतं. बारावी झाल्याझाल्या ती नर्सिंगला दुसऱ्या गावी गेली आणि त्यानंतर या घरात सलग दोन दिवसांच्या वर राहिली नाही. आठ वर्षं झाली त्याला.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, आपल्या गावच्या मोठ्या दवाखान्यात जागा निघणार आहे. मागितली तर मला बदली मिळेल. पण माझ्या रात्रपाळ्या असतात, दिवसा झोपावं लागतं. लावून घेता येईल असं दार असलेली खोली असेल तर येते. नसेल तर मी इकडेच बरी आहे."

"असेल," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि आवारात जाऊन यांच्यासमोर उभी राहिले. "लेक परत यायचं म्हणतेय. मागची खोली मी करणार. माल मी आणणार, बसवून मी घेणार. त्या खोलीतला एक खिळा जरी कुणाला दिलात, तर मी या घरात राहणार नाही." हे कानस घेऊन एक जुनं कुलूप घासत होते. "बरं," म्हणाले. यांच्या 'बरं'वर मी कधीच विश्वास ठेवलेला नाही.

पण मी कामाला लागले. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाडकामावर गेले. धूळ, पडत्या विटा, आरडाओरडा. मजूर मला बघून हसायचे. हसेनात का. शाळेची एक इमारत पाडत होते, तिथल्या व्हरांड्याच्या फरश्या मी स्वतः निवडल्या. फरशी उपटली की पाठीला जुना चुना चिकटलेला असतो. तो छिन्नीने हलक्या हाताने सोलावा लागतो, जोर पडला की कोपरा गेलाच. दोन महिने मी दुपारचं तेच केलं. मुलांच्या पायांनी मधोमध झिजलेल्या फरश्या बाजूला काढल्या आणि पलंगाखाली येतील अशा लावल्या. खिडकी मिळाली एका डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यातली. खालची काच दुधी, वरची साधी. उजेड आत येणार, पण बाहेरून कोणी आत बघू शकणार नाही. ती हातात आल्यावर मी टेम्पोत तिला मांडीवर घेऊन बसले, मागे टाकू दिली नाही.

दार मात्र मिळेना. यांच्या आवारातल्या दारांना मी हात लावणार नव्हते. त्यांतलं प्रत्येक दार आज ना उद्या कुणाचं तरी. शेवटी हिवाळ्यात एका गाण्याच्या मास्तरांचं घर पाडायला निघालं. मास्तर वारले होते, मुलगा घर रिकामं करत होता. मास्तरांची रियाजाची खोली होती आणि शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून त्यांनी तिला दुहेरी फळ्यांचं, मध्ये कापसाची गादी भरलेलं दार करून घेतलं होतं. मी आत गेले आणि दार लोटलं. बाहेर घण चालले होते, भिंती कोसळत होत्या. दार लागलं आणि मला माझा श्वास ऐकू यायला लागला. रात्रपाळी करून आलेल्या माझ्या पोरीला याहून दुसरं काय हवं होतं?

दार चौकटीसकट घ्यायचं, हा आमच्या धंद्यातला नियम. चौकटीला सवय झालेली असते. दुसऱ्या चौकटीत घातलं की दार जन्मभर कुरकुरतं. चौकट सोडवायला मास्तरांच्या भिंतीत अर्धा दिवस गेला. घरी आणल्यावर रंगाचे पाच थर खरवडले. खाली लाकूड निघालं मधासारखं. आमचे सुतारभाऊ या घरातली दारं बसवून आणि काढून म्हातारे झालेत. त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलं, दार एका बोटाने लोटून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हे आता काढायला मला बोलवायचं नाही हं." दोघंही हसलो.

हे सगळं चाललेलं असताना आमचे हे अधूनमधून येऊन बघून जायचे. हात मागे बांधून. काही बोलायचे नाहीत. एकदा मला चौकटीचा कोपरा नीट भरता येत नव्हता, तर खाली बसून त्यांनी भरून दिला आणि उठून गेले. मी मनात म्हटलं, मालाचा अंदाज घेताहेत.

बदलीचा कागद आला. लेक म्हणाली, "रविवारी येते, खोली बघते. सोमवारी त्यांना हो किंवा नाही कळवायचंय." तो आठवडा माझे पाय जमिनीवर नव्हते. पलंग घातला, चादर घातली. रोज एकदा आत जाऊन दार लावायचे आणि मिनिटभर नुसती उभी राहायचे.

मंगळवारी हे परगावी गेले. तिकडे एक जुनं हॉटेल मोडीत निघणार होतं, त्याची चाळीस दारं गुरुवारी आवारात येणार होती. बुधवारी सकाळी ती बाई आली. पस्तिशीची असेल, घराचं काम काढलेली, आमच्याकडे आधीही दोनचारदा येऊन गेलेली. आवारात फिरली, काही पसंत पडेना. मी म्हटलं, "चहा घ्या."

आता खरं सांगते. तिने मागितलं नव्हतं, मीच तिला खोली दाखवायला नेलं. वर्षभर खपले होते आणि कोणी बघितलं नव्हतं. मजूर हसले, यांनी तोंड उघडलं नाही, लेक अजून यायची होती. मला कुणीतरी बघायला हवं होतं. तिने फरशी बघितली, खिडकी बघितली, दारावर तळवा ठेवला आणि दार लोटून घेतलं. आवाराचा गलका तुटला. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, हे कोणी केलं?"

"मी."

"सगळं?"

"सगळं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तीस वर्षांत मला या धंद्यातलं कोणी काही विचारलेलं नाही. मी कुठली फरशी कुठून आणली, गादी कशी भरली होती, रंग कसा खरवडला, सगळं सांगत सुटले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काकू, हे दार मला द्या."

"विकाऊ नाही ते," मी म्हटलं. अगदी खरं म्हटलं.

ती हसली. "काकासुद्धा असंच म्हणाले. मागच्या आठवड्यात तुम्ही घरी नव्हतात तेव्हा मी डोकावले होते. मी खूप मागे लागले. शेवटी म्हणाले, ते लेकीचं आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'विकाऊ नाही' हे मला तीस वर्षं पाठ होतं. पण 'लेकीचं आहे' हे नवीन होतं. म्हणजे आता माणसाने पोरीचं नावही मालाला चिकटवलं. इतके दिवस हात मागे बांधून फिरत होता तो याचसाठी. हे परगावाहून येणार, ही बाई पुन्हा येणार, हे उसासा टाकणार, "हिला विचारावं लागेल" म्हणणार आणि माझ्या पोरीचं दार माझ्या डोळ्यांदेखत जाणार. मला ते सगळं इतकं स्पष्ट दिसलं, की ते घडून गेल्यासारखंच वाटलं.

दुसरंही एक होतं, तेही लपवत नाही. गुरुवारी चाळीस दारं येणार होती. मोठ्या हॉटेलातली, नक्षीची, पितळी मुठींची असतील. माझ्या डोक्यात आलं की त्यांतलं एखादं याहून सरस असेल, रविवारला अजून चार दिवस आहेत आणि या वेळी यांना सांगायचं, तुम्ही काय विकणार, मीच विकलं. यांचं नाक कापायची इतकी घाई झाली मला, की आपण कुणाच्या जिवावर हे करतोय याचा विचार दोन मिनिटंसुद्धा केला नाही. "न्या," म्हटलं मी. "आजच्या आज नेणार असाल तर न्या."

सुतारभाऊंना बोलावलं. ते आले, ऐकलं, पिशवी उचलली. "वहिनी, हे मी काढणार नाही," म्हणाले आणि चालते झाले. मग बिजागऱ्यांचे खिळे मी स्वतः वर ठोकून काढले. बाईच्या माणसांनी चौकट सोडवली. चौकटीसकट घ्यायचं असतं, हे मीच त्यांना सांगितलं. जाताना तिने माझे हात हातात घेतले. टेम्पो गेला आणि मी भिंतीतल्या त्या भगदाडापुढे उभी राहिले. विटांची टोकं निघाली होती, आवारातला प्रत्येक आवाज आत येत होता. पण अजूनही राग मोठा होता.

हे गुरुवारी दुपारी मालाबरोबर आले. मी पहिल्यांदा हॉटेलच्या दारांकडे धावले. बोटाने वाजवून बघितलं तर ठपठप आवाज. वर लाकडाचा पापुद्रा आणि आत पुठ्ठा. चाळीसच्या चाळीस तसली. मागे वळले तर हे घरातून बाहेर येत होते, चेहरा उतरलेला.

"कुणाला दिलंस?"

"तुम्ही जिला दाखवलंत तिला."

"मी नाही दाखवलं. ती आपणहून आत गेली होती. मी तिला नाही म्हटलं."

"तुम्ही सगळ्यांनाच नाही म्हणता."

"अगं, या वेळी खरंच नाही म्हटलं होतं," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते दारांच्या ढिगावर बसले, कपाळाला हात लावून. "तिने वाटेल तेवढे देऊ केले. मी म्हटलं, लेकीचं आहे, पुन्हा विचारू नका. तुला सांगणार होतो. म्हटलं, सांगून तरी हिला कुठे खरं वाटणार आहे."

खरं वाटलंच नसतं, हे मलाही माहीत होतं. तीस वर्षं ज्या शब्दांवर धंदा केला ते एकदा मनापासून उच्चारले, तर ते ऐकायला कोणी उरलं नव्हतं. ना ती बाई, ना मी.

त्याच संध्याकाळी हे त्या बाईच्या घरी गेले. मी कधी यांना कुणाची गयावया करताना बघितलेलं नाही. तिथे केली म्हणे. पण तिच्याकडची जागा बुटकी पडली म्हणून तिच्या सुताराने दार खालून चार बोटं कापलं होतं आणि नव्या कुलपासाठी मधोमध भोक पाडलं होतं. कापूस बाहेर आला होता. शुक्रवारी हे सुतारभाऊंकडे गेले, ते आले नाहीत. शनिवारी यांनी आवारातलं एक दार एकट्याने ओढत आणलं, चौकट भगदाडात बसवायला बघितली. वीतभर अरुंद निघाली. सिमेंट भरलं तर वाळायला वेळ नव्हता. रात्री ते दार आम्ही भिंतीला नुसतं टेकवून ठेवलं.

रविवारी लेक आली. हातात मोठी बॅग होती, दोन दिवसांची नव्हती. मला मिठी मारली, यांच्याकडे बघून जरा हसली आणि सरळ मागच्या खोलीकडे गेली. आम्ही दोघं मागून. टेकवलेल्या दाराच्या बाजूने विटा दिसत होत्या. ती तिथे थांबली. वाकून उंबऱ्याशी पडलेला ताजा चुरा बोटाने उचलला आणि बघितला. आमच्या घरात वाढलेली मुलगी, तिला काही सांगावं लागत नाही.

"आत्ता काढलंय," ती म्हणाली. "या आठवड्यात."

तिने तो चुरा बोटांवरून झटकला.

"मी येणार हे माहीत असताना." ती यांच्याकडे वळली होती. यांच्याकडेच. माझ्याकडे बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

मी तोंड उघडलं. देवाशपथ, खरं सांगायलाच उघडलं. मी दिलं, माझ्या हाताने खिळे काढले, एवढंच म्हणायचं होतं. पण तिची बॅग अजून तिच्या हातात होती. मला वाटलं, हिला या घरात धरून ठेवणारी एक मीच आहे. मीही हिच्या मनातून उतरले तर हिला इथे कोण उरलं? आणि तोंडातून आलं, "तुझ्या बाबांना तू ओळखतेस."

खोटं काहीच बोलले नाही मी. हेच मी स्वतःला दिवसभर सांगत होते.

यांनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, क्षणभरच. मग लेकीला म्हणाले, "चुकलं माझं. गिऱ्हाईक हटून बसलं होतं."

ती रडली नाही. खोलीत गेली, फरशीवरून फिरली, खिडकीच्या दुधी काचेला हात लावला. "आई, किती छान केलंयस गं," म्हणाली. मी म्हटलं, आठ दिवसांत दुसरं दार बसवू, याहून चांगलं. तिने मान हलवली. "दार बसवाल गं. मी पाळीवरून येऊन झोपेन, आणि उठेन तेव्हा ते असेल की नाही, ते मला माहीत नसेल." चहा घेतला. दुपारच्या गाडीने गेली. सोमवारी तिने तिकडेच राहते म्हणून कळवलं.

आता ती दर रविवारी फोन करते. माझ्याशी बोलते. यांची चौकशी करत नाही. आमचे हे समोर ताट घेऊन बसलेले असतात आणि तिचा आवाज खणखणीत आहे, फोनमधून सगळं ऐकू येतं. हे खाली मान घालून जेवत राहतात. उठणं नाही, खाकरणं नाही, 'सांग तिला' असं एका नजरेनेसुद्धा नाही. मी रोज ठरवते, येत्या रविवारी सांगायचं.

परवा ती म्हणाली, "आई, कशी गं राहतेस तू त्या माणसाबरोबर?"

यांचा घास हातात थांबला.

"झाली सवय," मी म्हटलं.